उतरताना वाजलेला भोंगा

आमच्या घरात तोंडाआधी हात चालायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझा पुळका यायला नको. कॉलेजात एका मुलाने माझी ओढणी खेचली तेव्हा मी त्याच्या तोंडावर जेवणाचा स्टीलचा डबा हाणला होता. त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. प्राचार्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा मान खाली घालून सगळं ऐकत उभे राहिले, माफी मागितली आणि फाटकाबाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "डबा चेपला का गं?" मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला. घरी पोचल्यावर, चारचौघांत मान खाली घालायला लावलीस म्हणून त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला. तेही मला त्या वयात रास्तच वाटलं.

बाबा विमानतळावर विमानदुरुस्तीच्या खात्यात होते. मूळचे रत्नागिरीकडचे. सुरुवातीची काही वर्षं छोट्या विमानांच्या हँगरमध्ये काढली, मग मोठ्या विमानांवर गेले. जन्मभर त्यांनी विमानं उघडली, जोडली, पुसली, पण चालवायला कधी बसले नाहीत. मुंबईतल्या दोन खोल्या सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोक वस्तीत राहायला आलो, त्याच सुमारास त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. दोन हजार सहा-सातचा काळ होता तो. नव्या नव्या विमान कंपन्या निघत होत्या आणि पेपरात वैमानिक हवेत म्हणून मोठमोठ्या जाहिराती यायच्या. एका रविवारी बाबांनी अशा जाहिरातीचं पान घडी करून माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाले, "तू उडवणार." विचारलं नाही, सांगितलं. मलाही तेच हवं होतं, त्यामुळे भांडण झालं नाही. आमच्या घरात न भांडता ठरलेली ती एकच गोष्ट असावी.

आई इथलीच, खाडीकाठच्या राई गावची. तिच्या माहेरच्या शेतात इमारती उठल्या तेव्हा तिच्या वाट्याचं जे काही आलं ते तिने माझ्या शिक्षणासाठी बाबांच्या हातात दिलं. "शेत तं गेला, आता पोरगी तरी वर जाऊन्दे," एवढंच ती म्हणाली. तिने नंतर कधी ते बोलून दाखवलं नाही. पण हॉलच्या खिडकीत उभी राहून ती राईच्या दिशेला बघत राहिली की मला आपोआप अभ्यास सुचायचा.

उड्डाण शिकवणारी संस्था घाटापलीकडे एका धावपट्टीच्या गावाला होती आणि तिथे माझा नंबर लागायला सात-आठ महिने होते. तेवढा काळ वाया घालवणं बाबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी हॉलमधला सोफा काढून टाकला आणि तिथे एक कॉकपिट उभं केलं. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गल्लोगल्ली, तिथल्याच एका वेल्डरकडून त्यांनी सांगाडा करून घेतला. तो इतका चकाचक होता की पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना ती भांड्यांची नवीन मांडणी वाटली. त्यात व्हॅनची जुनी सीट, पायाशी पेडलं, समोर विमानाचं नाक वर-खाली करायची स्टिक, उजव्या हाताला इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा थ्रॉटल. टेबलाखाली गरगरणारा कॉम्प्युटर. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याने सिंगापूरहून आणून दिलेला तो चष्मा.

आम्ही त्याला चष्माच म्हणायचो. खरं म्हणजे ते एक जड खोकं होतं. डोळ्यांवर बांधायचं, डोक्यामागे पट्टा आवळायचा, कानांवर हेडफोन. आत दोन डोळ्यांसमोर दोन चिमुकले पडदे, आणि डोकं फिरवलं की आतलं जगही त्याबरोबर फिरायचं. पहिल्या दिवशी मी तो लावून डावीकडे खाली बघितलं. खाली शेतं होती, नदी होती, आणि माझ्या नि त्यांच्या मध्ये काहीही नव्हतं. मी सीटची कड घट्ट धरली. बाबा मागून हसले. ते इतके खूश मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

त्या चष्म्याचे उपकार मी नाकारणार नाही. साध्या पडद्यावर समोरचंच दिसतं. धावपट्टीकडे वळताना ती तुमच्या खांद्यामागे असते, आणि पडद्यावर ती बघायला बटणं दाबत बसावं लागतं. चष्म्यात नुसती मान वळवली की धावपट्टी तिथेच असायची, जिथे असायला हवी तिथे. विमान किती कललंय ते आकडा न बघता कळायचं. जमीन किती जवळ आलीय तेही अंगाला कळायचं. इंजिन बंद पाडा, पंखांवर बर्फ चढवा, धुक्यात उतरवा, जीव जाणार नाही. मी त्या हॉलमध्ये पन्नास तऱ्हांनी मेले आणि प्रत्येक वेळी उठून चहा प्यायले. बाबा म्हणायचे, आमच्या वेळी हे असतं तर किती माणसं वाचली असती. त्यांचं खोटं नव्हतं.

पण जाच काही कमी नव्हता. अर्ध्या तासात डोकं गरगरायचं. डोळे सांगायचे आपण वळतोय, पोट सांगायचं आपण व्हॅनच्या सीटवर बसलोय, आणि दोघांच्या भांडणात दुपारचा वरण-भात बाहेर यायचा. सीटच्या डाव्या बाजूला कायम एक बादली असे. आकडे इतके बारीक आणि पुसट दिसत की उंचीचं यंत्र वाचायला पुढे वाकावं लागे, आणि वाकलं की अख्खं जग वाकायचं. स्वतःचे हात दिसायचे नाहीत. थ्रॉटल शोधताना मी चारदा बाबांच्या चहाचा कप सांडला. दुपारी लोडशेडिंग झालं की उतरता उतरता जग काळं व्हायचं आणि मी घामाने निथळत त्या काळोखात बसून राहायची. शिवाय ते खोकं नाकावर घसरायचं. विमानाचं नाक खाली केलं की माझीही मान पुढे जायची आणि चष्मा ओघळायचा, मग एका हाताने तो वर सारायचा. हा हात वर जाण्याचा प्रकार लक्षात ठेवा, कारण त्याने आम्हा सगळ्यांना फसवलं.

मार कधी सुरू झाला ते सांगते. विमानाचं नाक फार वर गेलं, वेग फार कमी झाला, की पंख हवा धरेनासे होतात आणि विमान दगडासारखं खाली येतं. याला स्टॉल म्हणतात. तसं होण्याच्या जरा आधी एक भोंगा वाजतो, म्हणजे वैमानिकाने ताबडतोब नाक खाली करावं आणि इंजिनाचा जोर वाढवावा. बाबांना तो भोंगा पाठ होता. छोट्या विमानांच्या हँगरमध्ये त्यांनी तो शेकडो वेळा तपासला होता. पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं, त्यावर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढायची. भोंगा वाजला की यंत्र ठीक. जमिनीवर उभं राहून त्यांना त्याचा अर्थ एकच माहीत होता. भोंगा वाजला म्हणजे वैमानिक चुकला.

ते माझ्या मागे स्टुलावर बसत. भोंगा वाजला की माझ्या डोक्यात टपली. पहिल्या आठवड्यात ती खरोखरच टपली होती. पुढे मी तीच चूक पुन्हा केली की टपलीचा फटका झाला, आणि फटक्याचा रट्टा व्हायला फार दिवस लागले नाहीत. त्यांच्या उमेदवारीच्या काळात हत्यारांच्या पेटीतला एक पाना कमी भरला तर उस्ताद त्याच पान्याने बोटांच्या पेरांवर मारायचा. त्यांची उजव्या हाताची दोन पेरं वाकडी होती आणि ती ते कौतुकाने दाखवत. मार बसला की हात विसरत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. त्यात ते बरोबर होते, हे मला फार नंतर कळलं.

मार मला नवा नव्हता. पण समोरून येणारा मार वेगळा असतो. बाबांचा चढलेला आवाज, लाल झालेले कान, मागे गेलेला हात, एवढं दिसलं की अंग तयार होतं, दात आवळले जातात. चष्म्यात मी आकाशात असायची. कानांत इंजिन घरघरत असायचं. मग भोंगा, आणि त्यामागोमाग निळ्या आकाशातून रट्टा. डोळ्यांसमोरचं क्षितिज हलायचं, कारण डोकं हललं की जग हलतं. कितीदा जीभ चावली गेली. एकदा चष्म्याची कड भुवईत घुसली आणि रक्त आतल्या काचेवर उतरलं. बाबांनी चष्मा काढून आधी काच पुसली. त्या दिवशी मी उठून त्यांच्या स्टुलाला अशी लाथ मारली की ते भिंतीवर आपटले. मग त्यांनी मला वेणीला धरून पुन्हा सीटवर बसवलं. आई स्वयंपाकघरातून आली, तिने शेजारची बादली उचलली आणि तिच्यात जे काही होतं ते बाबांच्या डोक्यावर ओतलं. बाबा आंघोळीला गेले. आम्ही दोघी हॉल पुसत बसलो आणि पुसता पुसता आम्हाला हसू फुटलं.

हसू फुटलं म्हणून काही बदललं नाही. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका आपटाआपटीची तक्रार घेऊन वर आले, "बेन, ऊपर क्या कारखाना डाला है?" असं म्हणाले, तर मी त्यांची कॉलर धरली. पन्नाशीचा माणूस, हातात जपाची माळ. मला आजही त्याची लाज वाटते. बाबांनी मला मागे ओढलं खरं, पण त्यांच्या डोळ्यांत तोच डबा चेपला का विचारणारा माणूस होता.

उतरण्याचा सराव सर्वांत जास्त चालायचा. चाकं धावपट्टीच्या हातभर वर आली की इंजिनाचा जोर काढून नाक हळूच उचलायचं असतं आणि वेग मरू द्यायचा असतो. माझ्या हाताला ते हळूहळू कळायला लागलं होतं. कधीकधी विमान इतकं अलगद टेकायचं की चाकं लागल्याचं समजायचंसुद्धा नाही. आणि नेमका तेव्हाच, टेकायच्या अगदी आधी, भोंगा किंचाळायचा आणि माझं टाळकं झणझणायचं. मला वाटायचं, मी शेवटच्या क्षणी काहीतरी घोळ घालतेय. मग मी तो भोंगा टाळायला शिकले. वेगात यायचं आणि विमान जमिनीवर आदळायचं. ते बेडकासारखं तीन उड्या मारत धावपट्टी संपेपर्यंत जायचं, पण भोंगा वाजायचा नाही. बाबा मागून म्हणायचे, "हां, आता कसं." खातं जसं विमानाची नोंद ठेवतं तशी त्यांनी वही ठेवली होती. भोंगा वाजलेलं उतरणं लाल पेन्सिलीने, न वाजलेलं निळ्याने. निळं वाढत गेलं तसे ते खूश होत गेले.

माझा हात भोंगा वाजला की वर जायचा. आम्हाला वाटायचं, चष्मा सावरतेय. बाबा तर एकदा म्हणाले, पट्टा सैल झालाय, आवळून देतो. त्यांनी तो आवळून दिला, तरी हात वर जातच राहिला.

घाटापलीकडे गेले तेव्हा मला शिकवायला हवाई दलातून निवृत्त झालेले एक कॅप्टन होते. उत्तरेकडचे, उंच, मोजकं बोलणारे. पहिल्या काही दिवसांत ते माझ्यावर बेहद्द खूश होते. वळणं, उंची, रेडिओवरचं बोलणं, सगळं मला येत होतं. "सीखकर आई हो," ते म्हणाले. मी मनात चष्म्याला नमस्कार केला आणि बाबांनाही. इतरांना धावपट्टी शोधायला मान कुठे वळवायची हे शिकवावं लागत होतं. माझी मान आपोआप वळायची.

मग त्यांनी मला पहिल्यांदा स्वतः उतरवायला सांगितलं. माझं वेगात येणं बघून त्यांनी थ्रॉटल मागे ओढला आणि म्हणाले, जाऊ दे वेग, नाक धर, धरून ठेव. मी धरलं. धावपट्टी दोन्ही बाजूंनी वर आली. विमान तरंगलं, मग तरंगेनासं झालं. खूप छान चाललंय हे माझ्या हातांना कळत होतं. आणि भोंगा वाजला.

पुढचं मला त्यांनी सांगितलं म्हणून माहीत. माझे दोन्ही हात स्टिक सोडून वर गेले. मान खांद्यांत गेली, कोपरं कानांवर आली, आणि मी सीटमध्ये गोळा होऊन बसले. विमान डाव्या चाकावर आदळलं, उजवीकडे लचकलं. त्यांनी स्टिक धरली, पेडल दाबलं, आम्ही गवतात उतरता उतरता पुन्हा पट्टीवर आलो. त्यांनी विमान धावपट्टीच्या कडेला थांबवलं. माझे हात अजून डोक्यावर होते.

"चष्मा," मी म्हणाले. "सर, वो घर पे चष्मा लगाती थी, वो गिरता है, तो पकड़ने की आदत..."

"दोनों हाथ से?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि समोर बघत विचारलं, "घर में कौन मारता है?"

"कोई नहीं," मी म्हणाले.

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, ते भोंग्यापर्यंतचं उतरणं माझ्याकडच्या मुलांतलं सर्वांत चांगलं होतं. मी म्हटलं, पण भोंगा वाजला ना. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. चांगलं उतरताना तो वाजतोच, ते म्हणाले, टेकायच्या क्षणी वेग संपलेला असावा लागतो, भोंगा तेच सांगतो. तो वाजला नाही तर मी म्हणतो घाई केलीस. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, जणू दूध उतू जायच्या आधी वर येतं असं काहीतरी सांगत होते.

मी विमानातून उतरले आणि हँगरमागे जाऊन भिंतीवर बुक्क्या मारल्या. पेरं सोलून निघाली. चुकलं म्हणून मार खाल्ला याचं मला कधीच फार दुःख नव्हतं, आमच्या घराची रीतच ती. पण मी सगळ्यांत बरोबर करत होते तेव्हाच मला मारलं गेलं होतं. एकदा नाही, रोज, महिनोन् महिने. आणि मी गाढवासारखी स्वतःची चूक शोधत होते.

कॅप्टननी मला आठ दिवस घरी पाठवलं. भोंगा वाजल्यावर हात स्टिकवर राहिले तरच एकटीला उडू देईन, म्हणाले, कारण एकटी असताना शेजारी धरायला कुणी नसेल. त्यांचं चुकत नव्हतं. एकटीने उडणं झालं नाही तर पुढचं काहीच होत नाही. परवाना नाही, नोकरी नाही, आईचं शेत गेलं ते गेलं.

घरी मी अर्धंच सांगितलं. हात वर जातो म्हटलं. बाबांनी सगळं खापर चष्म्यावर फोडलं. अशा वस्तूंनी नको त्या सवयी लागतात, पट्टा सैल, वजन जास्त, मी आधीच म्हणत होतो, वगैरे. नादुरुस्त भागाला खात्यात लाल चिठ्ठी बांधतात तशी त्यांनी चष्म्याला चिठ्ठी बांधली आणि तो कपाटावर ठेवला. मला त्यांनी साध्या पडद्यासमोर बसवलं. स्टूल ओढून मागे बसले. "उतरव," म्हणाले.

मी कॅप्टननी शिकवलं तसं उतरवलं. वेग मरू दिला. भोंगा वाजला. पडद्याच्या काळ्या चकचकीत कडेत मला बाबांचा हात उठलेला दिसला आणि माझे दोन्ही हात डोक्यावर गेले. या वेळी डोक्यावर चष्मा नव्हता. बाबांनी ते बघितलं. बघितलं हे मला नक्की माहीत आहे, कारण त्यांचा हात मध्येच अडला. पण ते म्हणाले, "भोंगा वाजवलास पुन्हा."

"वाजायलाच पाहिजे," मी म्हणाले. "उतरताना तो वाजायलाच पाहिजे. तुम्हाला माहीतच नव्हतं. तुम्ही मला बरोबर उतरल्याबद्दल मारलंय."

"मला शिकवतेस?" असं म्हणून त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. ही समोरून होती, दिसत होती. मी उठले, कपाटावरचा चष्मा ओढला आणि त्यांच्या कपाळावर हाणला. मोठा आवाज झाला. ते सांगाड्यावर पडले, स्टीलचा एक पाइप निसटला, आणि त्यांच्या भुवईपासून केसांपर्यंत कातडी उघडली. मी दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा आईने मागून माझ्या दोन्ही काखांत हात घालून मला ओढलं.

"हात उचलन्याबिगर काय येतं का तुमाला?" ती ओरडली. "दोगांना तोंड हाय ना? मंग बोलत का न्हाय?"

आई बाबांना डोक्याला टॉवेल बांधून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांना त्यांनी कपाटाचं दार लागलं असं सांगितलं. टाके पडले. घरी आल्यावर त्यांनी एका जुन्या ओळखीच्या वैमानिकाला फोन लावला. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि मग बराच वेळ फक्त हां, हां करत राहिले. फोन ठेवून ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग ते आपली वही घेऊन गॅलरीत बसले आणि संध्याकाळपर्यंत तिची पानं उलटत राहिले. ती सगळी लाल उतरणी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली असावीत.

मला वाटलं होतं, त्यांचं रक्त बघून माझा राग निवेल. तो निवला नाही. उलट मला भीती वाटली की आता सगळं फिटलं असं ते धरून चालतील.

परत गेल्यावर मी कॅप्टनना खरं सांगितलं. ते बरं म्हणाले. त्यानंतर वर गेलो की ते स्वतःचे दोन्ही पंजे समोरच्या यंत्रांच्या वरच्या कडेवर पालथे ठेवत, म्हणजे मला ते सतत दिसावेत. "मेरे हाथ देखो," म्हणायचे, आणि मग मला उतरवायला सांगायचे. त्या माणसाने माझ्यासाठी तीन आठवडे घालवले. भोंगा वाजला की माझा डावा हात कधी राहायचा, कधी जायचा. उजवा जायचाच. मी मनगटाला रुमाल बांधून बघितला, दातांत पेन्सिल धरली, भोंग्याच्या आधी मोठ्याने आकडे म्हटले. आवाज आला की या सगळ्याच्या आधी कोपरं वर. माझ्यानंतर आलेली मुलं एकेक करून एकटी उडून आली आणि परंपरेप्रमाणे त्यांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं गेलं. मी लांब उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि मला त्या प्रत्येकाला मारावंसं वाटलं.

शेवटी एका दुपारी कॅप्टन म्हणाले, "बेटा, मैं तुम्हें अकेले नहीं भेज सकता." त्यांनी कारणही तेच सांगितलं. डोक्याला सगळं येतं, हातांना एक गोष्ट जास्त येते. मी हो म्हटलं. माझ्यात पहिल्यांदाच भांडायची ताकद नव्हती.

मी घरी फोन करून फक्त कधी पोचते ते सांगितलं. इंद्रलोकच्या आमच्या गेटपाशी रिक्षा थांबली तेव्हा बाबा बाहेर उभे होते. कपाळावरची खूण अजून गुलाबी होती. वॉचमन खुर्चीवर पेंगत होता आणि गाडीवरचा भाजीवाला कोथिंबिरीवर पाणी मारत होता. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. माझ्या खांद्यावरची बॅग घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

माझे दोन्ही हात डोक्यावर गेले. भर रस्त्यात मी वाकले, कोपरं कानांवर, डोळे मिटलेले. भाजीवाल्याचं पाणी मारणं थांबलेलं मला ऐकू आलं. मी डोळे उघडले तेव्हा बाबांनी आपले हात पाठीमागे नेले होते आणि ते जमिनीकडे बघत होते. "चल," ते म्हणाले. मी बॅग तशीच खांद्यावर ठेवून निघाले. जिन्याशी आल्यावर ते सवयीने माझ्या मागे झाले, दोन पायऱ्या चढले, थांबले, आणि कठड्याला धरून माझ्या बाजूने पुढे गेले. चौथ्या मजल्यापर्यंत ते माझ्या पुढे चालत राहिले.